पोर्ट वापरात आहे

आमच्या संशोधन केंद्रातल्या संगणकाच्या खोलीच्या दारावर एक दिवस नोटीस लागली. काही संशोधक सर्व्हरवर दीर्घकाळ जागा अडवून बसतात आणि त्यामुळे इतरांच्या कामाचे नुकसान होते असे निदर्शनास आले आहे. यापुढे अशा संशोधकांनी आपली कामे फक्त सायंकाळी सहानंतर किंवा रविवारी चालवावीत. खाली केंद्राच्या प्रमुखांची, म्हणजे आमच्या सरांची, सही. नाव कुणाचंच नव्हतं. पण 'काही संशोधक' म्हणजे मी एकटी, हे त्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. माणसं चहाचे ग्लास हातात धरून ती नोटीस वाचायची आणि मग वळून माझ्याकडं बघायची.

त्याला आता काही वर्षं झाली. तरीही ते आठवलं की माझे कान तापतात. राग निवायला हवा, असं मला जवळच्या माणसांनी बऱ्याचदा सांगितलंय. मला तसं वाटत नाही. निवण्यासारखं काही घडलेलंच नाही.

मी तेव्हा संख्याशास्त्रात पीएच.डी. करत होते. घर उचगावात. वडील शिरोलीच्या एका फौंड्रीतून रिटायर झालेले, आई अंगणवाडी सेविका. आजोबांनी छप्पन साली बाबासाहेबांच्या मागोमाग दीक्षा घेतली, तेव्हापासून आमचं घर बौद्ध. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी दुसरी आणि त्यापुढं गेलेली पहिलीच. घरी आम्ही बायकासुद्धा 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतो, कोल्हापुरात हे सगळ्याच जातींत चालतं. सर मात्र मला चारचौघांत थांबवून दुरुस्त करायचे, "आले म्हणावं, आले." दुसऱ्या कुणाला असं थांबवलेलं मी ऐकलं नाही.

माझा विषय हुपरीचा होता. हुपरीत घरोघरी चांदीचं काम चालतं. पुढच्या खोलीत पाहुणे बसतात, मागच्या खोलीत पैंजण तयार होतात. साखळी ओवणं, डाक लावणं, म्हणजे कडी कडीला चांदीचं जोडकाम करणं, घासणं, उजळणं, यातलं पुष्कळसं बायका करतात. डाक लावताना ज्योतीपाशी तोंड नेऊन बसावं लागतं. त्या धुराचा छातीवर काय परिणाम होतो, हे मी शोधत होते. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी मला श्वास मोजायची नळी वापरायला शिकवलं होतं. त्या नळीत जोर लावून फुंकायचं, काटा किती सरकला ते बघायचं. वर्षभर मी एसटीनं हुपरीला जात होते आणि मागच्या खोल्यांमधून बसून बायकांना फुंकायला लावत होते. हसून हसून त्यांची फुंकर वाया जायची, मग पुन्हा फुंकायच्या.

हे आकडे सरळ सूत्रात घालून उत्तर निघण्यासारखे नव्हते. एका घरातल्या चार बायका एकाच धुरात बसतात, त्यांचे आकडे एकमेकींशी बांधलेले असतात. म्हणून तोच नमुना उलटापालटा करून तेच गणित हजारो वेळा मांडावं लागायचं, तेव्हा कुठं आपला अंदाज कितपत भरवशाचा आहे ते कळतं. माझ्या लॅपटॉपवर ते काम आठवडाभर रेंगाळलं असतं. केंद्रातल्या सर्व्हरवर ते काही तासांत व्हायचं, कारण तिथं काम वाटून देता यायचं. मुख्य प्रोग्रॅम सात-आठ मदतनीस प्रोग्रॅम उभे करतो, प्रत्येकाला थोडा वाटा देतो आणि सगळे एकाच वेळी राबतात.

या मदतनिसांनी मुख्य प्रोग्रॅमशी बोलायचं कुठं, तर एका पोर्टवर. पोर्ट म्हणजे एक क्रमांक. आपल्या मध्यवर्ती बसस्थानकावर फलाटांना जसे आकडे असतात, तसंच. मुख्य प्रोग्रॅम सांगतो, मी अमुक क्रमांकावर थांबलोय, तिथं या. एका क्रमांकावर एका वेळी एकालाच थांबता येतं. दुसरा कुणी तोच क्रमांक मागायला आला, तर संगणक त्याला परत पाठवतो आणि पडद्यावर लिहितो की पोर्ट वापरात आहे. यात अवघड काही नाही. क्रमांक हजारोंनी पडलेले असतात. दुसरा घ्यायचा.

पण आमच्याकडं कुणी दुसरा घेत नव्हतं, कारण सगळ्यांनी एकच पत्रक वापरलं होतं. सर दरवर्षी आम्ही वापरायचो त्या सॉफ्टवेअरची कार्यशाळा घ्यायचे आणि तिथं काम वाटून चालवायच्या आज्ञांचं एक छापील पत्रक द्यायचे. त्यातल्या सुरुवातीच्या ओळी जशाच्या तशा उतरवायच्या, त्यात हात घालायचा नाही, असं ते बजावून सांगायचे. त्या ओळींमध्ये पोर्टचा क्रमांक ठोकून बसवलेला होता. मीही त्या उतरवल्या होत्या, बजावल्याप्रमाणं.

मी सकाळी लवकरची केएमटीची बस पकडायचे. खोली उघडायला येणाऱ्या शिपाईमामांच्या पाठोपाठ मी आत जायचे आणि काम लावायचे. बाकीचे अकरापर्यंत येत. त्यांचं काम सुरूच व्हायचं नाही. पडद्यावर तांबड्या अक्षरांत काहीतरी येई, जोडणी उघडता आली नाही. सर्व्हरवर कोण काय चालवतंय हे सगळ्यांनाच दिसायचं. तिथं वर माझं नाव. मग कुणीतरी म्हणायचं, हिनं सगळी मशीन खाल्ली.

मशीन खाल्लेली नव्हती. निम्म्याहून जास्त रिकामी बसलेली असायची. ते आकडेही त्याच पडद्यावर दिसत होते. पण माणसाला नाव दिसलं की आकडे दिसत नाहीत, आणि हे मी संख्याशास्त्र शिकवणाऱ्या ठिकाणाबद्दल सांगतेय.

मग माझी कामं मध्येच मरायला लागली. सकाळी लावलेलं काम दुपारी जेवून येईपर्यंत गायब असायचं. कधी सगळा सर्व्हरच बंद करून पुन्हा सुरू केलेला असायचा. वीज गेली असेल, असं मी पहिल्यांदा धरून चालले. नंतर कळलं की वीज गेलेली नव्हती. मी सरांना जाऊन सांगितलं, माझं काम कुणीतरी बंद करतंय. ते म्हणाले, इतरांनाही काम असतं, थोडं समजून घ्यायला शिक. त्यांच्या केबिनमध्ये तेव्हा आणखी तीन-चार जण चहा घेत होते. सरांनी बशी खाली ठेवली आणि कुणाकडंच न बघता, शांतपणे बोलले.

"एकदा जागा मिळाली की ती धरूनच बसायची, असा काही जणांचा स्वभाव होऊन जातो. त्यांचाही दोष नाही म्हणा. तशी सवयच लागलेली असते."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. सगळे आपापल्या कपात बघत राहिले. माझा प्रवेश राखीव जागेवरचा होता आणि ते त्या केबिनमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. खुल्या यादीत माझा नंबर लागला असता की नाही, हे मी इथं सांगणार नाही. ते कुणाला सिद्ध करून दाखवायची जबाबदारी माझ्यावर नाही. मी सर्व्हरच्या जागेबद्दल बोलायला गेले होते आणि माझ्या तिथं असण्याबद्दल ऐकून परत आले. त्यानंतर दोनच दिवसांत ती नोटीस लागली.

सायंकाळी सहानंतर म्हणजे माझ्यासाठी कधीच नाही. सहाला खोलीला कुलूप लागायचं, आणि रविवारी शिपाईमामा येत नसत. नोटीस लिहिणाऱ्याला हे माहीत नव्हतं असं मला कुणी सांगू नये.

त्याच आठवड्यात मला हुपरीला जायचं होतं. आरोग्य केंद्राचं एक तपासणी शिबिर लागणार होतं आणि त्याआधी तुमचे आकडे काय सांगतात ते येऊन सांगेन, असा शब्द मी बायकांना दिला होता. कुणी आधी तपासून घ्यावं, कुणाच्या कामाची खोली बघावी, हे त्यावरून डॉक्टरीणबाई ठरवणार होत्या. माझं काम तीनदा मेलं होतं. जायच्या दिवसापर्यंत उत्तर निघालंच नाही. मी रिकाम्या हातांनी एसटीत बसले.

गल्लीतल्या एका मोठ्या घराच्या पुढच्या सोप्यात बायका जमल्या होत्या. त्यांच्यात एक म्हातारी होती, सगळे तिला अक्का म्हणायचे. चाळीसएक वर्षं ज्योतीपुढं बसून तिच्या भुवयांचे केस विरळ झाले होते. ती काम अर्ध्यावर टाकून आली होती, बोटांना लागलेलं काळं तसंच होतं. मी सांगितलं की हिशेब पुरा झाला नाही, यंत्रात अडचण आली. एवढं बोलतानाच मला लाज वाटायला लागली आणि लाजेपेक्षा राग जास्त येत होता, कारण ती लाज माझी नव्हती, ती दुसऱ्याची मी वाहत होते.

अक्का म्हणाली, "म्हंजे आमी फुकलेलं वाया गेलं म्हन की."

"वाया नाही गेलं, अक्का. उशीर होतोय."

"आमच्यात माल उशिरा दिला की शेठ परत घेत न्हाई," ती म्हणाली. वाईट वाटून घेऊन नव्हे, नुसतं सांगितलं. मग उठून कामाला गेली. बाकीच्याही एकेक करून गेल्या. शिबिर ठरल्या दिवशी झालं, डॉक्टरीणबाईंनी आपल्या अंदाजानं बायका निवडल्या. डाक लावणाऱ्या कितीतरी जणी, अक्कासुद्धा, त्यात आल्याच नाहीत, कारण आपलं नाव पुकारलेलं नाही म्हणून त्या घरीच बसल्या. हे ज्या दिवशी मला कळलं, त्या दिवशी मी घरी जेवले नाही.

वडिलांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, केबिनमधल्या बोलण्यासकट. वडील म्हणाले, आता काही बोलू नकोस, पदवी हातात पडू दे, मग काय बोलायचं ते बोल. त्यांनी आयुष्यभर फौंड्रीत हेच केलं होतं आणि आम्हाला शिकवलं होतं, त्यामुळं मला त्यांच्याशी वाद घालता येईना. आईनं घातला. ताट सारत ती म्हणाली, "गप बसायचं न्हाई. पन आदी बघून घे, खरंच तुज्यामुळं हुतंय का. तसं असंल तर जाऊन माफी माग. नसंल तर त्यांस्नी मागाय लाव."

खरं सांगायचं तर मी तोवर हे बघितलंच नव्हतं. सगळे म्हणत होते ते खोटं आहे एवढंच मला वाटत होतं, पण मग खरं काय ते मी शोधलं नव्हतं, कारण माझं काम तर सुरू व्हायचं. अडायचं दुसऱ्यांचं.

दुसऱ्या दिवशी मी काम लावलं नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर कसबा बावड्याचा एक संशोधक बसायचा, आम्ही त्याला बावडेकरच म्हणायचो. घरची ऊसशेती, चुलते साखर कारखान्याच्या राजकारणात, स्वतः उसाच्या उताऱ्यावर पीएच.डी. करणारा. मोठ्यानं बोलणारा, मोठ्यानं हसणारा. सरांचा लाडका. मी त्याला सरळ विचारलं, माझं काम कोण बंद करतं, तुला माहीत आहे का.

तो म्हणाला, "मीच की. सरांनी सांगितलंतं, तुजं काम दिसलं की मारायचं. त्यांनी मला सर्व्हरचा मुख्य पासवर्ड दिलाय."

इतकं उघड बोलणं मला त्या इमारतीत कुणाकडून ऐकायला मिळालं नव्हतं. मला त्याला दोन शब्द सुनावायचे होते, तेही सुनावले. हुपरीत काय झालं तेही सांगितलं. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरला. त्याला माझं काम म्हणजे पडद्यावरची एक ओळ वाटली होती, तिच्यामागं माणसं असतील हे त्याच्या डोक्यातच आलेलं नव्हतं. मी म्हटलं, पश्चात्ताप नंतर कर, आधी तुझं काम चालव आणि मला काय येतं ते बघू दे.

त्यानं चालवलं. चाललं. अर्थात चालणारच, माझं काम नव्हतं ना. मग मी माझं लावलं. या वेळी तांबडी अक्षरं माझ्या पडद्यावर आली. तीच, जी इतके दिवस इतरांना येत होती. फक्त मी ती शेवटपर्यंत वाचली. जोडणी उघडता आली नाही ही पहिली ओळ होती. सगळे तिथंच थांबत आणि माझ्या नावानं ओरडत. तिच्याखाली दुसरी ओळ होती, त्यात पोर्टचा क्रमांक होता आणि तो वापरात आहे असं लिहिलं होतं. मी त्याच्या प्रोग्रॅमच्या सुरुवातीच्या ओळी उघडायला लावल्या. तोच क्रमांक. भिंतीवर टाचलेलं सरांचं पत्रक बघितलं. तोच क्रमांक. खोलीतल्या आणखी दोघींना विचारलं, त्यांच्याकडंही तोच.

मी माझ्याकडचा शेवटचा आकडा बदलला. काम सुरू झालं. त्याचं शेजारी चालूच होतं. त्या दोघींनीही एकेक वेगळा आकडा टाकला. चार कामं एकाच वेळी चालली आणि तरीही सर्व्हरला काही जड गेलं नाही. बावडेकर खुर्चीतून अर्धा उठून पडद्याकडं बघत राहिला. म्हणाला, "आयला, एवढंच हुतं व्हय?"

एवढंच होतं. आणि एक होतं. तो माझं काम मारायचा तेव्हा मुख्य प्रोग्रॅम मरायचा, पण त्याचे काही मदतनीस मागं तसेच राहायचे आणि तो क्रमांक धरून ठेवायचे. मग कुणाचंच काम सुरू व्हायचं नाही आणि सर्व्हर बंद करून पुन्हा लावावा लागायचा. म्हणजे मला शिस्त लावण्यासाठी जे चाललं होतं, त्यानंच सगळ्यांचं नुकसान होत होतं. त्याचं बिलही माझ्याच नावावर फाटत होतं.

मी त्याच दुपारी सरांकडं गेले. मला वाटलं होतं त्यांना हायसं वाटेल. गुंता सुटला की शिक्षकाला आनंद होतो, अशी माझी समजूत होती. मी पत्रक पुढं ठेवून ती ओळ दाखवली. त्यांनी ती वाचली. त्यांना समजलं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. मग ते म्हणाले की हे पत्रक ते कित्येक वर्षं देत आहेत, आजवर कुणाची तक्रार आलेली नाही. मी म्हटलं, आजवर सगळे एकेकटे चालवत होते, आता एकाच वेळी चालवतात. ते म्हणाले, बघू. नोटिशीचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, बघू म्हटलं ना.

आठवडा गेला. पत्रक बदललं. नवीन पत्रकात क्रमांकाच्या जागी प्रत्येकानं आपला वेगळा क्रमांक घालावा अशी सूचना आली आणि वर लिहिलं होतं, सुधारित आवृत्ती. दारावरची नोटीस होती तिथंच होती. त्या सुधारणेमुळं खोलीतल्या सगळ्यांची कामं सुरळीत चालत होती, आणि त्याच खोलीत शिरताना मी जागा अडवते हे रोज वाचून आत यायचं होतं.

महिन्याच्या बैठकीत सगळे जमतात. विषय संपत आल्यावर सर म्हणाले की सर्व्हरचा प्रश्न आता मिटला आहे, पत्रकात आवश्यक ते बदल केले आहेत, सर्वांनी सहकार्य केल्याबद्दल आभार. मी उभी राहिले. मी म्हटलं, प्रश्न कशामुळं होता तेही सांगा.

"तांत्रिक कारण होतं," सर म्हणाले.

"नोटिशीत तांत्रिक कारण लिहिलेलं नाही, सर. काही संशोधक जागा अडवून बसतात असं लिहिलंय. ती चूक होती असं आज इथं सांगा."

मी बावडेकराकडं वळले आणि त्याला विचारलं की माझं काम बंद कोण करत होतं आणि दोघांची कामं शेजारी चालतात की नाही, ते सांग. मला त्याचा भरवसा नव्हता. तो मान खाली घालून बसला होता. मग उभा राहिला आणि आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात बोलला.

"मी बंद करत हुतो. सरांनी सांगितलं म्हणून. तिच्यामुळं काय अडत नव्हतं. पत्रकातल्या आकड्यामुळं अडत हुतं."

सर त्याच्याकडं बघत राहिले. त्यांना राग आला नव्हता, त्यांना ते पटतच नव्हतं की हा असं बोलू शकतो. मग त्यांनी कागद गोळा केले. "ती नोटीस त्या वेळच्या परिस्थितीला धरून होती. आता परिस्थिती बदलली, म्हणजे नोटीस आपोआपच रद्द झाली. विषय संपला. चहा सांगा."

आपोआप रद्द. चुकीची नव्हती म्हणे, जुनी झाली. दूध नासतं तशी. ज्यांनी ती लिहिली त्यांच्या हातून काही घडलंच नव्हतं, घडलं ते परिस्थितीच्या हातून. मी म्हटलं, माझा विषय संपलेला नाही. पण तोवर खुर्च्या सरकायला लागल्या होत्या आणि माणसं मोठ्यानं दुसरंच काही बोलत होती. एका मॅडमनी जिन्यात माझा दंड हलकेच दाबला आणि कानाशी म्हणाल्या, बरोबर होतं तुझं, पण एवढं ताणू नये. त्या आत असताना एक शब्द बोलल्या नव्हत्या.

नोटीस मी स्वतः काढली, चारचौघांसमोर, टाचण्यांसकट. नंतर वरच्या कार्यालयात जाऊन तक्रारही केली. तिथल्यांनी नीट ऐकून घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यानंतर आजतागायत काही कळवलेलं नाही.

हुपरीचं उत्तर मात्र निघालं. डॉक्टरीणबाईंना घेऊन मी पुन्हा त्याच सोप्यात गेले. या वेळी बायका कमी होत्या, लग्नसराईचा माल चालला होता. ज्या बंद खोलीत बसून डाक लावतात त्यांचा श्वास, बाहेर पडवीत बसून ओवणाऱ्यांपेक्षा कमी पडतो, आणि हे योगायोगानं दिसतंय असं मानता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं. अक्कानं विचारलं, मग करायचं काय? मी म्हटलं, खिडक्या उघड्या ठेवा. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. खिडकी उघडली की ज्योत हलती, डाक नीट बसत न्हाई. वाऱ्यानं चांदीची धूळ उडून जाती, ती तर सांजच्याला झाडून गोळा करून शेठला परत द्यावी लागती. मला हे वर्षभर त्यांच्यात बसूनही सुचलं नव्हतं. दुपारभर त्यावर वाद झाला. शेवटी डॉक्टरीणबाईंनी, ज्योत आणि वारा यांच्या मध्ये पत्रा उभा करून छताजवळ धूर ओढणारा पंखा बसवून बघायचं सुचवलं. दोन घरांनी तयारी दाखवली. अक्काच्या घरानं नाही. अक्का म्हणाली, आता माझं काय राहिलंय, सुनांचं सुना बघतील.

तिचं नाव पहिल्या शिबिरात पुकारलं गेलं असतं, तर तिनं आधी काही ऐकलं असतं का, मला सांगता येत नाही. पण तिला विचारायला तरी मिळालं असतं. तेवढंही तिला मिळालं नाही आणि त्याला कारण माझी सवय नव्हती.

मला पदवी मिळाली. आता मी दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात शिकवते. मध्यंतरी बावडेकराचा फोन आला. सर निवृत्त होतायत, गौरव अंक काढायचा ठरलाय, माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी हव्यात. तुझीही दे म्हणाला.

मी म्हटलं, "देते की. पण झालं तेच लिहीन."

तो थोडा थांबला. "मग ते छापनार न्हाईत."

"मला ठावं हाय."

त्यानं मला समजवायचा प्रयत्न केला नाही, हे मला आवडलं. बैठकीत बोलल्याचं त्यालाही पुढं भोगावं लागलं होतं, सरांकडं त्याची शिफारस बराच काळ अडली होती, आणि त्याबद्दल तो कधी कुरकुरला नाही. मग त्यानं विषय बदलला. कारखान्याचा हंगाम सुरू झालाय, वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडतीय, बायको रोज त्याच्यावर ओरडतीय, जणू धुराडं त्यानंच पेटवलंय. मी हसले. फोन ठेवल्यावर कागद घेऊन बसले आणि लिहून काढलं.